आजोबांनी अर्धं खाल्लेलं बिस्कीट

"अकरा वर्षं झाली," थोरले सर म्हणाले, "पण माझ्या उंदरांना साधी शिंकसुद्धा आलेली नाही."

सोमवारची बैठक होती. टेबलाच्या एका टोकाला संचालक बसले होते आणि दुसऱ्या टोकाला थोरल्यांनी मुद्दाम आणलेला जाळीच्या झाकणाचा डबा होता. डब्यात त्यांचा लाडका पांढरा उंदीर. वय अडीच वर्षं, म्हणजे माणसाच्या हिशेबात ऐंशीच्या घरात. सगळी संस्था त्याला आजोबा म्हणायची. थोरल्यांचं वाक्य हवेत होतं, एवढ्यात आजोबा शिंकले. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या शिंकेला त्यांचा तोल गेला आणि ते नाकावर पडले.

"इथल्या खुर्च्या कुणी झटकत नाही," थोरले म्हणाले. "धूळ आहे."

संचालकांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट सगळ्यांना दाखवलं. समोर बसलेल्या धाकट्या सरांनी मान खाली घातली. ते हसले नाहीत, आणि हीच गोष्ट थोरल्यांना झोंबली. हसला असता तर निदान त्याला उद्धट तरी म्हणता आलं असतं.

थोरले आणि धाकटे हे साडू. थोरल्यांची बायको मोठी बहीण, धाकट्यांची बायको तिच्या पाठची. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. साडू काय, वर्षातून चारदा भेटतात, एकमेकांच्या पोटाकडे बघून 'तब्येत सुधारली' म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. पण हे दोघे एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लावून उंदीर पाळायचे. आणि विषयही एकच: फुप्फुसातली संयोजी ऊती. हे पुस्तकातलं नाव. साधं सांगायचं तर फुप्फुसाच्या आत धाग्यांची एक जाळी असते, श्वास घेतला की ती ताणते, सोडला की आक्रसते. जाळी मऊ तर श्वास मोकळा. जाळी जाड आणि कडक झाली की धाप लागते.

थोरल्यांनी अकरा वर्षं घासून एक नियम शोधला होता: वय वाढलं की ही जाळी आपोआप कडक होते, त्याला दुसरं कारण लागत नाही. आपल्या खोलीत वाढवलेल्या शेकडो म्हाताऱ्या उंदरांची फुप्फुसं कापून त्यांनी ते दाखवलं होतं. नियमाला अजून जगाने नाव दिलेलं नव्हतं, म्हणून तूर्तास त्यांनी स्वतःच 'थोरल्यांचा नियम' म्हणायला सुरुवात केली होती. विभागप्रमुख तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. नियम टिकला तर ती खुर्ची थोरल्यांची, हे शिपायालाही ठाऊक होतं. खुर्चीचं माप थोरल्यांनी घेऊन ठेवलं होतं, कारण त्यांना पाठीचा त्रास होता आणि गादी शिवायला टाकायची होती.

आणि मग धाकटे. कानामागून आले आणि तिखट झाले. येऊन सहा वर्षं नाही झाली तर त्यांना नवी खोली मिळाली. तिला गाळलेली हवा. उंदीर तर असे, की जन्मापासून त्यांनी जंतूचं तोंड पाहिलेलं नाही. सीलबंद पेट्यांतून यायचे, सोबत प्रत्येकाचा निरोगीपणाचा दाखला. थोरल्यांच्या स्वतःच्या मुलाचा असा दाखला घरात सापडत नव्हता.

त्या सोमवारी आजोबांच्या शिंका ओसरल्यावर धाकट्यांनी सहा चित्रं दाखवली. दोन वर्षांच्या सहा स्वच्छ उंदरांची फुप्फुसं. म्हातारी फुप्फुसं, पण जाळी अशी मऊ की कालचं पोर वाटावं.

"म्हणजे वयाचा दोष नसावा असं दिसतंय," धाकटे हळूच म्हणाले. "पण सहाच आहेत. अजून अठरा बाकी आहेत, त्यातले बारा अडीच महिन्यांनी बघू. दादांचंच बरोबर निघेलही."

'दादांचंच बरोबर निघेलही' हे थोरल्यांच्या मनात पुढे तीन दिवस फिरत राहिलं, दातात अडकलेल्या धाग्यासारखं.

बैठक उठता उठता संस्थेच्या पशुवैद्य बाईंनी शिंकेचा विषय पुन्हा काढला. बाई कमी बोलायच्या आणि बोलल्या की लिहून घ्यायच्या. त्यांचं म्हणणं, दोन्ही खोल्यांत एकेक राखणदार ठेवा. राखणदार म्हणजे एक निरोगी उंदीर. त्याच्यावर प्रयोग करायचा नाही, त्याला फक्त इतर पिंजऱ्यांतला घाण भुसा मूठमूठ आणून द्यायचा. खोलीत कुठे रोग असेल तर तो या बिचाऱ्याला होतो, आणि दोन महिन्यांनी त्याची तपासणी केली की सगळ्या खोलीची तब्येत कळते. जगभर असंच करतात. थोरल्यांनी अकरा वर्षं राखणदाराला दारात उभं केलं नव्हतं. माझ्या उंदरांवर पाळत कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण आता शिंक सगळ्यांनी ऐकली होती. संचालकांनी सही केली.

थोरले घरी गेले तर सासूबाई आलेल्या. त्या सहा महिने थोरलीकडे राहायच्या आणि सहा महिने धाकटीकडे, आणि ज्या घरात असतील तिथे दुसऱ्या घराचं कौतुक करायच्या. निदान थोरले स्वतःची तशी समजूत घालायचे. धाकटीकडे असताना त्या थोरल्यांचं कौतुक करतात की काय, हे एकदा बायकोला विचारलं तर ती म्हणाली, जाऊ द्या, चहा घ्या.

"धाकटे जावई कामाला जातात आणि तिथे जाऊन परत अंघोळ करतात," सासूबाई सांगत होत्या. "आत जाताना एक, बाहेर येताना एक. मी म्हटलं, अहो सर्दी होईल. तर म्हणाले, आई, मला झाली तर चालेल, त्यांना नको."

थोरल्यांनी चहाचा कप उचलला. कपाच्या कानावर पिवळं बोट उमटलं. हा पिवळेपणा त्यांच्या घराचा जुना रोग होता. पांढरे उंदीर सगळे सारखेच दिसतात, म्हणून थोरले त्यांच्या शेपटीवर, पाठीवर पिवळ्या रंगाच्या खुणा करायचे. एक ठिपका म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. तो रंग बोटांना लागला की तीन आठवडे जात नाही. टॉवेल पिवळे, दिव्यांची बटणं पिवळी, लग्नाच्या अल्बमवर दर पानाला अंगठा. धाकटे हे असलं काही करत नसत. त्यांच्या उंदरांच्या कानाला इवलासा नंबर असायचा.

"स्वच्छ माणूस वेगळाच दिसतो," सासूबाई म्हणाल्या आणि कपाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्यांनी धाकट्यांच्या खोलीत जायला सुरुवात केली.

त्या मजल्यावर एकच नियम असा होता की जो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे. आधी स्वच्छ खोली, मग जुनी. सकाळी अंघोळ करून, कपडे बदलून स्वच्छ खोलीत जायचं आणि नंतर जुन्या खोलीत. उलटं कधीच नाही. जुन्या खोलीत एकदा पाऊल पडलं की त्या दिवसापुरती स्वच्छ खोली बंद. दारावर तसा कागद लावलेला होता, खाली सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून थोरल्यांची सही. अध्यक्ष म्हणून त्यांच्याकडे किल्लीही होती.

दीड वाजता सगळे डबा खायला जात. पिंजरे बघणाऱ्या मावशीसुद्धा. तेव्हा थोरले सकाळभर आपल्या उंदरांत वावरलेला कोट घालून, पिवळ्या ओल्या बोटांनी कुलूप उघडून आत शिरले. नुसतं बघायला, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

आत शिरल्यावर त्यांना आधी काही दिसलंच नाही, ऐकू आली ती शांतता. त्यांच्या खोलीत कायम एक बारीक घरघर चालायची, दोनशे पांढऱ्या नाकांची. अकरा वर्षं ते तिला समाधानाची घरघर समजत आले होते. इथे दीडशे उंदीर आणि आवाज फक्त छतातून येणाऱ्या गाळलेल्या हवेचा. हवा तरी कशी, थंड, वासाशिवाय. थोरल्यांनी छाती भरून घेतली आणि त्यांना वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदाच श्वास घेतोय, आणि तोही साडूच्या मालकीचा. त्यांच्या खोलीत एक पंखा होता. तो उजवीकडे वळला की किरकिरायचा, म्हणून त्याला सुतळीने डावीकडे बांधून ठेवला होता.

उंदीर चकचकीत. डोळे टपोरे, नाकं कोरडी. थोरले एकेका पिंजऱ्यावर वाकून खोड शोधत होते आणि खोड मिळत नव्हती. कुणाला खाज नाही, कुणाला पू नाही. शेवटी सतरा नंबरचा उंदीर जाळीशी आला आणि मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्याकडे बघायला लागला. थोरल्यांच्या कोटाच्या खिशात एक बिस्कीट होतं, अर्धं. बाकीचं अर्धं सकाळी आजोबांनी खाल्लं होतं आणि हे कंटाळून सोडलं होतं.

चव तरी कळते का बघू, थोरले मनात म्हणाले. दाखल्यात चवीचं काही लिहिलेलं नसतं.

सतराने बिस्कीट दोन्ही हातांत धरून खाल्लं. थोरल्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच. सकाळी आजोबांनी अर्धं कुरतडायचं, दुपारी उरलेलं सतराने. कधी शेजारच्या पिंजऱ्यांनाही चुरा मिळायचा. एकट्यालाच दिलं तर बाकीच्यांना काय वाटेल, असं थोरल्यांना वाटायचं, कारण त्या दुःखातले ते जाणकार होते. मत्सर माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. बघता बघता त्यांना सतराचा लळा लागला. एके दिवशी सतरा झोपला होता, उठून आला नाही, तर थोरल्यांचा चेहरा दिवसभर उतरलेला. मनात आलं, धाकट्याने काही सांगून ठेवलं असणार.

अडीच महिने गेले. धाकट्यांनी त्यांचे बारा उंदीर तपासले, आणि गुरुवारी ते काचा घेऊन थोरल्यांच्या दारात उभे राहिले. डोळ्याखाली काळं.

"दादा, तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "बाराच्या बारा. जाळी कडक. तुमच्या उंदरांसारखीच. आधीच्या सहांत मीच काहीतरी चुकलो असेन."

थोरल्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. धागे जाड, एकमेकांत गुंतलेले, अगदी आपल्याकडल्यासारखे. त्यांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. त्यांनी धाकट्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की चुका सगळ्यांच्या होतात, मी नवीन असताना माझ्याही झाल्या असत्या.

आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी धाकट्यांनी सगळ्या विभागाला बोलावून आपली हार सांगितली आणि थोरल्यांचा नियम फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरले उठून उभे राहिले तर लक्षात आलं, टाळ्या धाकट्यांना आहेत. किती प्रामाणिक माणूस, असं जो तो म्हणत होता. जिंकलेल्याकडे कुणी बघेना. संध्याकाळी घरी गेले तर बातमी आधीच पोचलेली.

"हरावं तर असं," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला जमत नाही ते."

"आई, मी जिंकलोय."

"हो ना, तेच म्हणतेय. तुम्हाला काय, नुसतं जिंकायचं होतं."

त्या रात्री थोरल्यांनी जेवताना मीठ मागितलं नाही, आणि बायकोने ओळखलं की पोटात दुखतंय.

शुक्रवारी सकाळी टपालात एक लिफाफा आला. वर लिहिलं होतं, 'फुप्फुस विभाग'. आता विभाग म्हणजे जवळजवळ आपणच, म्हणून थोरल्यांनी उघडला. आत पशुवैद्य बाईंचं पत्र. दोन्ही खोल्यांतील राखणदारांच्या फुप्फुसात जुनाट श्वासरोगाचे जंतू सापडले आहेत. जुन्या खोलीत हा रोग बहुधा अनेक वर्षांपासून असावा. या रोगाने फुप्फुसातली जाळी जाड आणि कडक होते. सबब दोन्ही खोल्यांतले वयासंबंधीचे निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत.

थोरल्यांनी पत्र तीनदा वाचलं. अकरा वर्षं ज्याला ते म्हातारपण म्हणत होते ती सर्दी होती. सर्दी म्हणायलाही जीव धजेना, पण होती. आणि पलीकडच्या खोलीत ती कुणाच्या पायांनी गेली, हे पत्रात नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. त्यांना आजोबा आठवले, बिस्कीट आठवलं, सतराची पाठ आठवली. मग सोमवार आठवला. सोमवारी संचालक खुर्चीचा निर्णय सांगणार होते.

कार्यालयाच्या कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र होतं. थोरल्यांनी पत्र त्यात घातलं. यंत्राने गुरगुरत त्याच्या लांब लांब पट्ट्या केल्या आणि खालच्या पोत्यात टाकल्या. थोरल्यांनी हात झटकले.

ते पोतं कुठे जातं हे संस्थेत एका माणसाने तरी लक्षात ठेवायला हवं होतं, आणि तो माणूस थोरले होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच परिपत्रक काढलं होतं: कापलेल्या कागदांच्या पट्ट्या फेकू नयेत, उंदरांना घरटी करायला द्याव्यात, मऊ असतात आणि फुकट असतात. मावशी तेव्हापासून दर शनिवारी पोतं उचलत आल्या होत्या.

सोमवारी थोरले नवा शर्ट घालून बैठकीला आले. मावशींनी मागोमाग आजोबांचा डबा आणून टेबलावर ठेवला. थोरल्यांची इच्छा, विजयाला आजोबा हवेतच. दुसरा एक पिंजराही मावशींच्या हातात होता, पशुवैद्य बाईंनी मागवलेला. तो त्यांनी खाली ठेवला आणि दाराशी उभ्या राहिल्या. थोरले वीस मिनिटं बोलले. वय, जाळी, नियम. 'धाकट्यांचे बारा उंदीर' हे शब्द त्यांनी नऊ वेळा वापरले. संचालक ऐकत ऐकत पुढे झुकले आणि डब्यात बघायला लागले. आजोबांनी रविवारी झकास घरटं बांधलं होतं. पांढऱ्या पट्ट्यांचं गोल वेटोळं, आणि मधून आजोबांचं नाक.

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'दोन्ही खोल्यांतील राखणदारांच्या.' पुढचं खाल्लंय." त्यांनी मान वाकडी केली. "'जुनाट श्वासरोगाचे.' हे काय आहे? आणि ही आडवी पट्टी, 'विश्वासार्ह नाहीत'. काय विश्वासार्ह नाही?"

"कचरा आहे तो," थोरले म्हणाले. "जुने कागद."

"तारीख गुरुवारची आहे."

आजोबांनी तारखेची पट्टी आत ओढून घेतली, पण उशीर झाला होता.

"माझं पत्र आहे," पशुवैद्य बाई म्हणाल्या. "पोचलं का म्हणून मी विचारणारच होते. प्रत आहे." त्यांनी पिशवीतून एक नाही, आठ प्रती काढल्या आणि वाटल्या. थोरल्यांनाही एक मिळाली. त्यांनी ती पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्याने वाचली, आणि तो चेहरा त्यांना जमला नाही.

बाईंनी थोडक्यात समजावलं. आजारी उंदराचं फुप्फुस वयाने कडक होत नाही, आजाराने होतं. धाकट्यांचे पहिले सहा निरोगी होते, म्हणून जाळी मऊ. नंतरचे बारा आजारी पडले, म्हणून कडक. धाकटे सर चुकले नव्हते. प्रश्न एवढाच, की गाळलेल्या हवेच्या खोलीत हा रोग गेला कसा.

मावशींनी खालचा पिंजरा उचलून टेबलावर ठेवला. आत सतरा होता, उरलेल्या सहांपैकी. दोनदा शिंकला. मग थोरल्यांचा वास ओळखून जाळीशी आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि बिस्किटाची वाट बघायला लागला. बिस्कीट येईना तेव्हा त्याने पाठ फिरवली. पांढऱ्या पाठीवर चार पिवळी बोटं आणि एक पिवळा अंगठा.

"आमच्या खोलीत पिवळा रंग नाही," धाकटे एवढंच म्हणाले.

सगळे आपापले हात बघायला लागले. थोरल्यांनी आपले टेबलाखाली घेतले. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. प्यायले आणि खाली ठेवला. आठ जणांनी ग्लासाकडे बघितलं.

"बिस्कीट मी दोनदा झाडून काढलंय तिथलं," मावशी म्हणाल्या. "म्हटलं अध्यक्ष आहेत, त्यांना काय सांगायचं. सही त्यांचीच दारावर."

"का केलंत दादा?" धाकट्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. थोरल्यांनी तो शोधून बघितला.

"तुमची हवा बघायला गेलो होतो," थोरले म्हणाले.

हे मात्र खरं होतं. शेवटी संचालक म्हणाले, अकरा वर्षं डोंगर पोखरला आणि उंदीर निघाला तोही आजारी. विभागप्रमुखाची खुर्ची त्यांनी पशुवैद्य बाईंना दिली. बाईंनी ती मापाने मोठी होते म्हणून परत केली आणि स्टूल मागितलं. गादी शिवून आली होती, ती थोरल्यांच्या बायकोने सोफ्यावर टाकली.

दोन्ही खोल्या रिकाम्या करायचा हुकूम निघाला. उंदीर गेले. भिंती धुतल्या, रंगवल्या, धुरी दिली. थोरल्यांच्या खोलीतला पंखासुद्धा काढला आणि तिथेही गाळलेली हवा आली, आता काही उपयोग नसताना. प्रयोगाच्या उंदरांची तब्येत बिघडली की फुप्फुसाच्या अभ्यासाचा कसा विचका होतो, यावर दोघा साडूंनी मिळून एक निबंध लिहिला. बाईंनी सुचवलं आणि धाकट्यांनी दादांना मोठ्या मनाने सोबत घेतलं. दोघांच्या हयातीतला हाच एक लेख बाहेरच्या लोकांनी वाचला. चार ठिकाणांहून पत्रं आली. लेखावर पहिलं नाव धाकट्यांचं होतं. थोरल्यांच्या नावापुढे टीप होती: 'आजारी उंदीर यांच्या सौजन्याने'.

फक्त आजोबा तेवढे वाचले. हुकूम निघाला त्या दिवशी थोरल्यांनी त्यांना डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं होतं. कुणाला सांगितलं नाही. बायको किंचाळेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली की निदान हा तरी तुमच्या हाताने आधीच पिवळा झालाय, डाग दिसणार नाहीत.

आणि झालं असं, की सासूबाईंना आजोबा आवडले. दोघांनाही कमी दिसायचं, दोघांनाही दुपारी झोप लागायची आणि दोघेही झोपेत घरघरायचे. सासूबाई त्यांना मांडीवर घेऊन बसत, पोटावर पदर टाकत. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलं, जे ऐकायला थोरल्यांनी लग्नापासून कान लावून ठेवले होते.

"धाकट्या जावयांनी आजवर मला असलं काही आणून दिलं नाही."

थोरल्यांना त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढे यथावकाश सासूबाईंचे इथले सहा महिने संपले. सामान बांधताना त्या एकाच साडीची तीनदा घडी घालत होत्या. आजोबांना सोडून जायचं म्हणून, हे दिसतच होतं. तिकडे धाकट्याच्या घरी त्या कुणाला काय सांगणार, कुणाचं कौतुक करणार, याचा थोरल्यांनी विचार केला. धाकट्याच्या सोफ्यावर, धाकट्याच्या डोळ्यांसमोर, रोज मांडीवर थोरल्या जावयाने दिलेला उंदीर. आपल्या वतीने तिथे कायमचं कुणीतरी बसलेलं असेल. त्यांना ही कल्पना इतकी गोड वाटली की दुसरं काही सुचलंच नाही.

"घेऊन जा आई," ते म्हणाले. "तुमचेच आहेत."

सासूबाईंनी आजोबांना पर्समध्ये नेलं. धाकट्यांना घरात उंदीर बघून कसंसंच झालं, पण सासूबाईंचे डोळे भरून आले तेव्हा त्यांना नाही म्हणवेना. मोठ्या मनाचा माणूस. रोज कामावर गेल्यावर ते दोनदा अंघोळ करत होतेच. कपडे बदलत, बूट बदलत, नखं घासत. चष्मा तेवढा तोच असायचा. आजोबांना घरात झोपायला मऊ, अंधारी जागा लागायची, आणि सासूबाई त्यांना धाकट्यांच्या चष्म्याच्या डबीत झोपवत असत.

नवे उंदीर आले, सीलबंद पेट्यांतून, दाखल्यांसकट. दोन्ही खोल्यांत राखणदार ठेवले.

धाकट्यांच्या खोलीतला राखणदार बुधवारी सव्वाअकराला शिंकला.